लांडगा दाखवायचे पाच हजार



गेल्या आठवड्यात मी इथं एका लांडग्याचा फोटो टाकला होता. मी काढलेला नव्हे, जतकडचा एक बकरीवाला ओळखीचा आहे, त्यानं पाठवलेला. सकाळचं ऊन, बांधावर उभा, मान वळवून बघतोय. खाली मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की लहानपणी हे जनावर आमच्या माळावर पण होतं. माझ्या हुमणीच्या आणि खोडव्याच्या पोस्ट जेवढ्यांनी बघितल्या नसतील तेवढ्यांनी तो फोटो बघितला. बरं वाटलं. मग एक फोन आला.

माणूस बोलायला गोड. "काका, लोकेशन नक्की कुठलं?" मी म्हटलं, पूर्वेकडं. "तसं नको, गाव सांगा. आम्ही चौघं मित्र आहोत. गाडी आमची, साहित्य आमचं. रात्री वाट दाखवायला एक माहितगार माणूस पाहिजे. पाच हजार देऊ. लांडगा मिळाला तर वर अजून." मी विचारलं, मिळाला म्हणजे काय, फोटो मिळाला? तो हसला. म्हणाला, "काका, समजून घ्या की."

समजलं. फोन ठेवला.

संध्याकाळी दूध घालून येताना डेअरीच्या कट्ट्यावर हे सांगितलं. सगळे हसले. एक पोरगा तेवढा हसला नाही. आमच्या भावकीतलाच आहे, बारावी झालाय, वडिलांच्या नावावर दीड एकर ऊस, बाकी हाताला काम नाही. म्हणाला, "तात्या, तो नंबर मला द्या. मी जातो वाट दाखवायला."

"व्हय रं? मारायला न्यायचं म्हणतोस?"

"मारू दे की. आपल्याला काय देतोय लांडगा? एका रात्रीचं पाच हजार हाय."

आणि मोबाईल काढून त्यानं कॅनडातला एक व्हिडिओ दाखवला. बर्फ, लाकडाची खोली, गाईड, बंदूक, शेवटी मेलेल्या लांडग्याजवळ बसून फोटो. म्हणे तिकडं हा रीतसर धंदा आहे, लोक डॉलर मोजून येतात, गाईडची घरं चालतात. आपल्याकडं चालू केलं तर शेतकऱ्याला पैसे मिळतील आणि जनावरांचा बंदोबस्त पण होईल. कट्ट्यावरच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हे बोलणं मी पहिल्यांदा ऐकत नाही. डुकरांनी शेंगा उकरल्या की दर वर्षी कुणीतरी म्हणतोच, "येऊ देत शिकारी पैसे देऊन, मारू देत."

त्या पोराला तिथं मला धड उत्तर देता आलं नाही. दोन रात्री झोप नीट नाही. म्हणून हे लिहितोय, लांब झालं तर सांभाळून घ्या. त्यानं वाचावं एवढंच आहे.

आधी कॅनडाचं बघू, कारण पोरगं खोटं बोलत नव्हतं. तिथं ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाहेरच्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार करायची असेल तर परवाना असलेला गाईड सोबत घ्यावाच लागतो. अमेरिकेत मोंटाना, आयडाहो या राज्यांत लांडग्याच्या शिकारीचा हंगाम असतो. सगळं खरं. पण कॅनडात लांडगे पन्नास-साठ हजार आहेत. आपल्या अख्ख्या देशात तीन हजारांच्या आसपास. आपला लांडगा त्यांच्यापेक्षा अंगानं लहान, केस विरळ, आणि दाट रानात राहत नाही, माळावर राहतो. माळ कुणाचा? माळाला वाली नाही. निम्म्याला पाणी आलं आणि ऊस झाला, निम्म्यावर एमआयडीसी, प्लॉट, मुरमाच्या खाणी. तिकडचा धंदा इकडं आणायचा म्हणजे म्हशीचा हिशोब शेळीला लावण्यासारखं आहे.

आणि त्या अमेरिकेनं आधी काय केलं तेही बघा. लांडगा मारला की बक्षीस देऊन देऊन बहुतेक मुलखातनं तो संपवला. मग १९९५ साली कॅनडातनं लांडगे पकडून, गाडीत घालून यलोस्टोनच्या रानात आणून सोडले. मारायलाही सरकारचे पैसे, आणायलाही सरकारचे पैसे.

आपण काही वेगळे नव्हतो. इंग्रजांच्या राज्यात लांडग्यावर बक्षीस होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी हिशोब मांडलाय, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. स्वातंत्र्यानंतर तर शिकार कंपन्याच निघाल्या. परदेशी पाहुणा यायचा, तंबू, स्वयंपाकी, हाकारे, सगळं पॅकेजमध्ये, वाघ मारून कातडं घेऊन जायचा. तेव्हाही हेच सांगायचे, की पैसा येतो, लोकांना काम मिळतं. १९७० ला वाघाची शिकार बंद करावी लागली, आणि १९७२ च्या गणतीत देशात १८२७ वाघ निघाले. त्या कंपन्यांसाठी हाका घालणाऱ्या गड्यांच्या नातवांकडं आज त्या धंद्यातलं काय आहे? कंपनीवाल्यांकडं फोटो तरी असतील.

आता कट्ट्यावरचा दुसरा मुद्दा, "शिकार कोल्हापूरच्या रक्तात हाय." असेल. शाहू महाराज शिकारी होते, कोण नाही म्हणतंय. दरबारात चित्ते पाळायचे, आफ्रिकेतनं बोटीनं आणायचे आणि काळविटावर सोडायचे. ते चित्ते सांभाळणाऱ्यांची घराणी कोल्हापुरात होती. न्यू पॅलेसला शाळेची सहल गेली की पेंढा भरलेली जनावरं बघायला पोरं पळतात, आम्ही पण पळायचो. पण दाजीपूरचं जंगल महाराजांनी शिकारीसाठी राखलं म्हणून तोडायचं राहिलं, १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं, आणि आज गवा तिथं आहे. (गवा आता दाजीपूर सोडून आमच्या पंचगंगेपर्यंत येतो ही गोष्ट निराळी, त्यावर परत कधीतरी.) काळविटाच्या माळाला असं कुणी राखलं नाही. काळवीट गेलं, चित्ता तर देशातनंच गेला. महाराजांनी फासेपारध्यांना बोलावून नोकऱ्या दिल्या, पहाऱ्याला उभं केलं. रक्तातलं सांगायचं तर हे पण सांगा की. पाच हजार घेऊन रात्री जीप फिरवणं यात कोल्हापूरचं रक्त कुठं आलं?

आता डुकरांचं. इथं मी कुणाला शहाणपणा शिकवणार नाही, कारण मलाच लागलंय. गेल्या साली दहा गुंठे शेंगा एका रात्रीत उकरून टाकल्या. बायको सकाळी बांधावर जाऊन बसली, बोलेचना. तेव्हा बंदूक हातात असती तर मी पण सोडली असती. पण हिशोब नीट करा. आपल्याला पाहिजे डुक्कर कमी व्हायला. पैसे देऊन येणाऱ्याला पाहिजे लांडगा, कारण तो दुर्मिळ आहे, कारण त्याच्याबरोबरचा फोटो दुसऱ्याकडं नाही. त्याला माझ्या शेंगांशी काय देणंघेणं? आणि लांडगा खातो काय? ससा, उंदीर, घूस, माळावरचं हरीण, गावलं तर डुकराचं पिल्लू, आणि बकरी. माझ्या दहा गुंठ्यांतलं त्यानं काहीच खाल्लेलं नाही. म्हणजे चोर सोडून राखणदाराला मारायला आम्ही वाटाड्या द्यायचा.

केरळात बघा. २०२२ पासून तिथं डुक्कर मारायचा हुकूम पंचायतीचा अध्यक्ष देऊ शकतो. परवान्याची बंदूक असलेला माणूस बोलावतात आणि त्याला मानधन पंचायत देते. पैसा कुणीकडनं कुणीकडं गेला ते बघा. शेतीच्या उपयोगाचं काम असेल तर आपण माणसाला पैसे मोजतो, ऊस तोडायला कुणी आपल्याला पैसे देऊन येतो काय? आपल्या राज्यातही डुकराबाबत परवानगी मागायचा २०१५ चा शासन निर्णय आहे. ती वेळेत का मिळत नाही, गावात बंदुकीचे परवाने किती, हे विचारायला कट्ट्यावरचं कोण तयार आहे? त्याला अर्ज लागतो, खेटे लागतात. व्हिडिओ बघणं सोपं.

आणि खरं भय कशाचं आहे ते पण सांगतो. रात्रीच्या लाईटचं. आठवड्यातनं तीन-चार रात्री मोटर चालू करायला आपण बॅटरी घेऊन उसात शिरतो. बिबट्या, डुक्कर, गवा, साप, सगळं तिथंच. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींनी दिवसा दहा तास लाईट पाहिजे म्हणून कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मारला होता. माझं त्यांच्याशी बऱ्याच गोष्टींत जमत नाही, पण ती मागणी शंभर टक्के बरोबर होती. दिवसा पाणी पाजायला मिळालं तर निम्मं भय आपोआप जातं, कुणाला मारायला लागत नाही.

लांडग्यानं ज्याचं खरोखर नुकसान होतं तो आपण नव्हे, धनगर आहे. त्याला कुणी विचारलंय काय? दर साली दिवाळीनंतर आमच्या रानात बकरी बसतात. रात्री वाघर लावलेली, कुत्री सोडलेली, म्हातारा घोंगडं घेऊन पडलेला. मागच्या खेपेला मी त्या जतवाल्याला विचारलं, लांडगा किती नेतो? म्हणाला, "नेतो की. साली दोन-चार कोकरं जात्यात. त्येचा वाटा." मी म्हटलं, राग नाही येत? "येतो. दगड मारतो, कुत्री घालतो. पर तेला जिवं मारून कसं चालंल?" मग हळूच म्हणाला, "लांडग्यापरास गावातली मोकाट कुत्री वाईट. ती खात न्हाईत, नुसती फाडत्यात."

भरपाई कायद्यानं आहे. लांडग्यानं मेंढी मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं कमी असेल ते. पण अट काय, तर ४८ तासांत कळवायचं आणि मेलेलं जनावर जागेवरनं हलवायचं नाही. आता लांडगा कोकरू उचलून पळतो. जागेवर काय राहणार? चार थेंब रक्त. आणि बिऱ्हाड सकाळी पुढच्या गावाला जाणार, दोनशे बकरी उपाशी ठेवून पंचनाम्याची वाट कोण बघतंय? म्हणजे भरपाई आहे खरी, पण घर असलेल्याला. हा माणूस बारा महिने चालतोय. चालत्या बिऱ्हाडाला फोनवर, फोटोवर पंचनामा करून द्या, अशी मागणी करायची सोडून आम्ही त्याच्या नावावर शिकारी बोलवायला निघालो. त्याच्या तोंडून मी एकदाही "गोळी घाला" ऐकलेलं नाही.

लांडगा साधुसंत आहे असं माझं म्हणणं नाही. २०२४ ला उत्तर प्रदेशात बहराइचमध्ये लांडग्यांनी माणसं मारली, त्यात बहुतेक लहान पोरं. घराच्या अंगणातनं उचलली. ज्याचं लेकरू गेलं त्याच्यापुढं जाऊन पर्यावरण सांगायची माझी हिंमत नाही. पण तिथं पण वनखात्यानं शोधून पाच पकडले, सहावा गावकऱ्यांनी मारला. माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर मारायचा हुकूम द्यायची सोय कायद्यात आहेच. त्यासाठी मौजेला आलेले चौघे आणि त्यांची जीप लागत नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

१९९३ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांचा. शहरातनं तिघं आले होते, ओळखीच्या ओळखीतनं. जीप, बाराबोरची बंदूक, सर्चलाईट. ससा नाहीतर डुक्कर म्हणत होते. वाट दाखवायचे मला दोनशे रुपये ठरले, तेव्हा दोनशे म्हणजे आमच्या भागात बरीच दिवसांची हजेरी. थंडीचे दिवस, शाळू पोटरीत आलेला. माळाच्या कडेला ओघळीजवळ दोन डोळे चमकले. मला कळलं होतं काय आहे ते. मी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, उलट मीच "थांबवा गाडी" म्हटलं.

गोळी पोटात बसली. जवळ गेलो तर मादी होती, सड दुधानं भरलेले. लगेच मेली नाही. एकानं कातडं बघून तोंड वाकडं केलं, म्हणाला खरूज दिसतीय, काय उपयोग नाही. फोटो काढला, कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला, आणि निघाले. उचललीसुद्धा नाही. मला गावाच्या वेशीवर सोडलं आणि दोनशेच्या जागी दीडशे दिले, म्हणाले डुक्कर कुठं मिळालं.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा धनगर मला ओघळीवर घेऊन गेला. त्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. दरडीला बीळ होतं. आतनं बारीक आवाज येत होता. मी हात घालायला वाकलो तर म्हाताऱ्यानं दंड धरला. म्हणाला, "आता कशाला?" दुसरं काही बोलला नाही. मी त्यानंतर आठवडाभर त्या बाजूला गेलो नाही. गेलो तेव्हा आवाज नव्हता. दीडशे रुपयांचं काय केलं म्हणाल तर फवारणी पंपाचं वायसर आणि एक चप्पल.

त्यानंतर आमच्या माळावर मी लांडगा बघितलेला नाही. त्या एका गोळीनं संपला असं मी म्हणणार नाही, माळच संपत आला होता. पण शेवटचा मी बघितलेला तो तसा.

तर त्या पोराला सांगायचं ते हे. लेका, तुझी गरज मला कळते, दीड एकरात काय होतं ते मला कळत नाही असं नाही. पण हा सौदा नीट बघ. लांडगा कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या ओळीत. मारला तर तीन ते सात वर्षं कैद, वर दंड, गाडी-बंदूक जप्त. गुन्ह्यात वाट दाखवणारा पण असतो. त्या चौघांचा वकील कोल्हापुरात बसलेला असेल. तुझा कोण आहे? पकडलं तर गाव पहिल्यांदा कुणाचं नाव सांगणार? जामिनाला सातबारा कुणाचा लागणार? तुझ्या बापाचा.

आणि लांडगा दाखवूनच पैसे पाहिजेत तर तीही वाट निघालीय. पुणे जिल्ह्यात कडबनवाडीला, शिरसुफळला वनखात्यानं माळरान सफारी सुरू केलीय. लोक बुकिंग करून, पैसे भरून लांडगा, तरस, चिंकारा बघायला येतात, गावची पोरं गाईड म्हणून जातात. एका रात्रीचे पाच हजार मिळत नसतील. पण तो लांडगा दुसऱ्या दिवशी पण दाखवता येतो, परवा पण. आमच्या भागात असं होईल का, माहीत नाही, दाखवायला आमच्याकडं लांडगा राहिलाय कुठं. गवा आहे, पक्षी आहेत. बघायला जायचं असेल तर एक दिवस माझ्याबरोबर चल, एसटीचं भाडं माझं.

तो फोटो मी काल काढून टाकलाय. कुणी जपून ठेवला असेल तर पुढं पाठवू नका. गावाचं नाव मला फोन करून विचारू नका, मी सांगणार नाही, बकरीवाल्यालाही तेच सांगून ठेवलंय. रात्री माळावर अनोळखी जीप आणि सर्चलाईट दिसली तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे, त्यावर कळवा, आणि गाडीचा नंबर आधी लिहून घ्या. ज्यानं मला फोन केला होता त्याचा नंबर मी त्या पोराला दिलेला नाही. पण असले नंबर बाजारात मिळतात, हे मला माहीत आहे, आणि त्यालाही.

बकरी पुढच्या गुरुवारी आमच्या खालच्या रानात बसणार आहेत. म्हातारा यंदा दोन कोकरं कमी घेऊन येतोय म्हणाला.